पाटीला खिळा होता, कडीला न्हाई

मंडळी, आज भाचीचं लग्न लागलं आणि त्याच वेळेला नवरीच्या खोलीतून दागिन्यांची पर्स गेली.

आमच्या परतूरकडचं मंगल कार्यालय. खोलीची कडी तुटलेली होती. मी सकाळीच मालकाला फोटो पाठवून सांगितलं. "हो ताई, जल्दी बसवून देतो," म्हणाला. बसवली न्हाई.

मंगलाष्टकं सुरू झाली, सगळे अक्षता टाकायला मांडवात गेलो. तेवढ्यात कोणीतरी हात मारला.

मालक भिंतीवरची पाटी दाखवून राह्यला. "सामानाची जबाबदारी ज्याची त्याची. खोलीत एक माणूस बसवायचं न!"

मी म्हणलं, "कार्यालय लग्नालाच देता न? मंग घरच्यांनी अक्षता टाकायच्या न्हाई का?"

मी तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात गेले, तर मालक मागोमाग आला. हळूच म्हणतो, "ताई, तेवढं कडीचं लिहू नका."

मी पहिली ओळ कडीचीच लिहिली. ग्राहक आयोगातही तीच लिहिणार.

परत येऊन बघते तर सुतार नवी कडी ठोकून राह्यला होता! मी मालकाला म्हणलं, "ठोका बराबर. जुनीचा फोटो तुमच्याच मोबाईलमधी आहे."

तुम्हीच सांगा, पाटी ठोकायला ज्याला खिळा सापडतो, त्याला कडी ठोकायला चोरी व्हावी लागते का?