दोन्ही मसुदे सोबत जोडले आहेत

पाणीपुरवठा कार्यालयात त्यांना तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे दोन्हीकाका. पण कार्यालय एवढंसं, की पाठीमागचं सगळं तोंडावरच ऐकू यायचं. काकांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. त्यांच्या मते त्या नावात टीका होती, तसं कौतुकही होतं.

काम म्हणाल तर फाईलवर टिपणी लिहिणं. साहेबानं काय करावं हे साहेबाला सांगायचं, पण अशा बेतानं, की उद्या काही बिघडलं तर ते साहेबानं आपल्या मनानं केलेलं ठरावं. "सदर बाब मान्य करणे उचित वाटते. तथापि, अमान्य करणेही अनुचित म्हणता येणार नाही." आणि त्याखाली काकांची खरी कारागिरी: पत्रांचे दोन मसुदे टाइप करून तयार. एक होकाराचा, एक नकाराचा. साहेबानं हवा त्यावर सही करावी, नको तो फाडावा. बाकीचे कारकून एकच मसुदा जोडायचे आणि साहेबाचं मत उलटं निघालं की पुन्हा टाइप करत बसायचे. काकांचा कागद एकतीस वर्षांत एकदाही परत आला नव्हता.

तसे ते जन्मतः असे नव्हते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी छातीठोकपणे लिहिलं होतं, की अमुक गल्लीला चार इंची नळ पुरेल. पुरला नाही. त्यावर जो मेमो मिळाला तो काकांना तोंडपाठ होता. तेव्हापासून छाती आणि ठोक हे दोन शब्द त्यांनी एकत्र येऊ दिले नाहीत.

सवय घरापर्यंत आली. काकूंनी विचारावं, "अहो, चहा टाकू?"

"टाकायला हरकत नाही. पण मुद्दाम नको."

काकू अर्धा कप आणून ठेवायच्या. संसार असाच चालला होता.

पुतणीनं एकदा विचारलं, परगावची नोकरी घेऊ का? काकांनी दोन दिवसांची मुदत घेतली आणि दोन पानं लिहून दिली. एका पानावर घ्यावी याची कारणं, दुसऱ्यावर घेऊ नये याची. पुतणीनं पानं मागून-पुढून पाहिली.

"काका, इकडे नऊ आणि तिकडेही नऊ?"

"बरोबर मोजलीस," काका म्हणाले.

पोरीला शेवटी आईनं "जा" म्हटलं आणि ती गेली. तरी गल्लीतले लोक सल्ल्याला यायचेच. काका सगळं ऐकून घ्यायचे, कुणाला वेड्यात काढायचे नाहीत, आणि जो जे करायचं ठरवून यायचा त्याला ते करायची मुभा घेऊन परत जाता यायचं.

तर एकदा चढावरच्या वस्तीच्या पंपाची फाईल आली. पंप जुना, धाप लागल्यासारखा चालायचा आणि मधेच बंद पडायचा. नवा यायला सहा महिने होते. तोवर जुना दुरुस्त करायचा, की मोडीत काढून टँकरवर भागवायचं? काका स्वतः त्याच चढावर राहायचे. पंप बंद पडला की काकू बादल्या घेऊन खालच्या नळावर जायच्या आणि मधल्या वळणावर गुडघा धरून बसायच्या. त्या रोज बजावायच्या, "दुरुस्त करा म्हणून लिहा हो." काकांनी लिहिलं, की दुरुस्ती करणे उचित वाटते. आणि हात पुढे सरकला तो थेट "तथापि"वर गेला. एक पत्र वर्कशॉपला: येऊन दुरुस्त करा. एक भंगारवाल्याला: येऊन घेऊन जा. दोन्ही पत्रांवर, साहेबांना सही शोधावी लागू नये म्हणून, पेन्सिलीनं बारीकशी फुली.

नेमकी साहेबांची बदली झालेली. शेवटच्या दिवशी समोर फायलींचा ढीग, बाहेर सामानाची गाडी उभी. साहेबांनी वाचणं सोडून दिलं आणि जिथे फुली दिसेल तिथे सही ठोकत सुटले. जावक कारकुनाला वाचायची कधीच सवय नव्हती. जावक क्रमांक चारशे अकरा वर्कशॉपला गेलं, चारशे बारा भंगारवाल्याला.

चौथ्या दिवशी सकाळी काका दाढी करत होते, तेव्हा पंपवाला धापा टाकत दारात आला.

"काका, चला लवकर! एक जण पंप खोलायला आलाय आणि एक जण उचलायला!"

अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून काका पंपघरावर पोचले. वर्कशॉपचा मिस्त्री पाना हातात धरून उभा. भंगारवाल्याची पंपाला साखळी बांधून झालेली. सभोवती निम्मी वस्ती, आणि तिच्यात काकू, दोन बादल्यांसह.

"माझ्याकडे पत्र आहे," मिस्त्री म्हणाला.

"माझ्याकडे काय लग्नपत्रिका आहे?" भंगारवाला म्हणाला.

काकांनी दोन्ही पत्रं घेतली. दोन्हींवर साहेबांची सही, दोन्हींची भाषा निर्दोष. नवे साहेब सोमवारी हजर व्हायचे होते. काकांनी जुन्या साहेबांना फोन लावला.

"मी आता तिथला नाही," साहेब म्हणाले. "आणि मी तुमच्या सल्ल्यानंच सही केली. तुमचा सल्ला काय होता?"

"साहेब, दोन्ही."

"मग झालं की दोन्ही," असं म्हणून साहेबांनी फोन ठेवला.

काकांचं डोकं सवयीनं नियमाकडे धावलं, आणि नियम फार वाईट निघाला. दोन आदेश परस्परविरोधी असतील तर नंतरचा खरा. चारशे बारा. म्हणजे पंप भंगारात.

"काका, बोला पटकन. गाडीचं भाडं चढतंय," भंगारवाला म्हणाला.

"तसं पाहिलं तर दोघांचंही म्हणणं..." काकांनी सुरुवात केली.

"अहो!" काकूंनी बादल्या खाली ठेवल्या. "सहा महिने. दिवसाला चार खेपा. माझ्या गुडघ्याला विचारा तुमचं तथापि!"

वस्ती हसली. काका हसले नाहीत. त्यांनी खिशातलं पेन काढलं, चारशे बाराचा कागद पंपघराच्या भिंतीला टेकवला आणि पाठीमागे लिहिलं: "रद्द. पंप हलवू नये. दुरुस्ती करावी." सही इतक्या घाईत ओढली, की नाव दुसऱ्याच कुणाचं तरी वाटत होतं. म्हणून त्यांनी खाली पुन्हा स्वच्छ अक्षरात नाव आणि हुद्दा लिहिला.

"हे कुणाच्या वतीनं?" भंगारवाल्यानं विचारलं.

"माझ्या," काका म्हणाले आणि स्वतःच दचकले.

भंगारवाल्यानं कुरकुरत साखळी सोडली. मिस्त्रीनं पंप खोलला, बराच वेळ आत पाहिलं आणि च्च च्च केलं.

"बेअरिंग गेलीय, शाफ्टही झिजलाय. होईल काका. तसं नाहीपण होणार."

"म्हणजे काय?" काका ओरडले. "होणार की नाही, एक काय ते सांगा ना! माणसानं काय समजायचं यातून?"

काकू तोंडाला पदर लावून खाली बघू लागल्या.

काकांनी त्या दिवशी रजा टाकली आणि पंपघराच्या पायरीवर बसून राहिले. मिस्त्रीला पाना द्यायचे, नको तो द्यायचे, मग हवा तो द्यायचे. दिवस कलताना पंप सुरू झाला. नळाला आधी तांबडं पाणी आलं, मग गढूळ, मग बरं. वस्तीत कुणीतरी शिट्टी वाजवली. काकू बादल्या रिकाम्याच घेऊन घरी गेल्या.

सोमवारी नवे साहेब आले आणि बुधवारी काकांना खुलासा मागणारं पत्र: वरिष्ठांचा आदेश आपण कोणत्या अधिकारात रद्द केला? काकांनी लिहून दिलं, अधिकार नव्हता, पंप मात्र चालू आहे. त्यावर साहेबांनी अजून काही कळवलेलं नाही.

पण काकांना खरी धास्ती साहेबांची नाही. मिस्त्री जाताना म्हणाला होता, धरलं तर सहा महिने धरेल. तेव्हापासून काका पहाटे उठून खिडकीशी उभे राहतात आणि चढावरून येणारा पंपाचा आवाज ऐकतात. जरा खरखर झाली की खिडकी आणखी उघडतात. काकू आतून विचारतात, "कसा आहे?"

"चांगला आहे," काका म्हणतात, आणि कान तसाच खिडकीला लावून ठेवतात.