मामाच्या गावचा पत्ता

"अम्मा, आपका लड़का तो हमारे राज्य का है ही नहीं," भिलाईकडच्या कचेरीतला बाबू म्हणाला आणि कागद माझ्या सुनेकडे सरकवला.

माझी शाळा चौथीपर्यंतची, पण एवढं मलाही वाचता आलं. मुलाच्या फौजेच्या कागदावर भंडाऱ्याकडचा पत्ता होता, माझ्या भावाच्या घराचा.

तो मीच द्यायला लावला होता. मुलगा भिलाईतच, कोहक्यात जन्मला, वाढला. पण जातीचा दाखला काढायला गेलं की इथले लोक आजोबांच्या वेळचा इथला कागद मागतात. आजोबा तिकडे दुसऱ्याच्या शेतात राबत होते, कागद कुठून आणायचा? म्हणून आमच्या लोकांचे दाखले तिकडूनच निघतात. भरतीलाही मी त्याला म्हटलं, "मामाच्या पत्त्यावर उभा राह्य." निवड झाली तेव्हा मी पेढे वाटले.

चार वर्षांनी तो पेटीत आला. नात तेव्हा सुनेच्या कडेवर होती. एक नेता आमच्या दारात उभा राहून सगळ्यांसमोर म्हणाला, सुनेला सरकारी नोकरी देऊ. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, तेवढं बरं.

इथल्या बाबूने नाही म्हटल्यावर आम्ही तिकडच्या कचेरीत गेलो. तिथला कारकून म्हणाला, "मावशी, तुमी तं भिलाईच्या. इथलं रेशनकार्ड हाये का?"

"मंग मेला तो कोनाचा?"

"चिडू नका. लिहून ठेवतो मी."

"सारे लिहूनच ठेवून राहिले."

फौजेची पेन्शन वेळेवर येते, खोटं कशाला बोलू? पण नोकरीचा शब्द सरकारचा होता, आणि तो कोणत्या सरकारचा हेच ठरेना. सहा वर्षं आम्ही दोन्हीकडे खेटे घातले. एकदा भिलाईत पावर हाउसच्या थांब्यावर बसमधून उतरताना सून म्हणाली, "आई, तुमी कावून देला तो पत्ता?"

"नोकरी लागावी म्हनून."

"लागली ना."

पुन्हा तिने तो विषय काढला नाही. मीही नाही.

मग तिचं वय नोकरीच्या अटीपुढे गेलं आणि दोन्हीकडचे अर्ज संपले. आता ती सिविक सेंटरच्या बाजारात एका दुकानात साड्या दाखवते, दिवसभर उभी राहून. मधल्या काळात माझा नवरा गेला, भाऊ गेला. हे सगळं भोगून जिवंत आहोत त्या आम्ही तिघी: मी, सून आणि नात.