आनंदरावांची माडी आणि गेनबा सुतार

भोंगवलीचा गेनबा सुतार बराच बहिरा होता. लहानपणी गोवर झाला आणि ऐकू येणं कमी झालं, ते कायमचंच. लाकडाचं दुखणं मात्र तो दातांनी ऐकायचा. हत्यारांच्या पिशवीत सागाची एक हातभर काठी असे. तिचं एक टोक लाकडाला लावायचं, दुसरं दातांत धरायचं आणि डोळे मिटायचे. नांगराला चीर कुठं गेली, गाडीच्या चाकाचा आरा कुठला सैल झाला, ते त्याला दाढेत कळे.

चौतीस-पस्तीस साली वरव्याच्या आनंदरावांनी त्याला बोलावून घेतलं. त्यांच्या माडीवर फळ्यांची जमीन होती. फळ्या ओल्या असतानाच ठोकलेल्या, पुढं उन्हाळ्यात आकसल्या आणि करकरायला लागल्या. बोलावण्याचा दिवस आनंदरावांनी बघूनच धरला होता, कारण बायको सगुणाबाई सारोळ्याला भावाकडे गेली होती. माडीवर गुळाच्या ढेपा असत. वैद्यानं आनंदरावांना गूळ बंद केलेला. ते वर गेले की फळी करकरे आणि खालून आवाज येई, "ढेपंला हात लावू नगा."

"ही करकर थांबव," आनंदराव ओरडून म्हणाले.

"मला तर काय ऐकू येत न्हाई," गेनबा म्हणाला.

"तुला काहीच ऐकू येत न्हाई."

"मग काठी लावतो."

गेनबा खाली घडवंचीवर चढला आणि तुळईला काठी लावून ती दातांत धरली. आनंदराव वर चालू लागले. ते अंगानं भरदार होते. तोंडात काठी असल्यानं गेनबाला बोलता येईना, म्हणून ठरलं की हातोडीचा एक ठोका म्हणजे पुढं, दोन म्हणजे मागं. आनंदरावांचा हिशोब चुकत गेला आणि अर्धा तास ते घाण्याच्या बैलासारखे फिरत राहिले. तेवढ्यात शेजारची साळूबाई ताक मागायला आली. गेनबा घराला चावतोय आणि घरधनी वर येरझाऱ्या घालतोय, हे बघून ती ताक न घेताच परत गेली.

शेवटी जागा सापडली. गेनबानं खिळे उपसून पेचाचे खिळे बसवले, फळी आणि तुळईच्या मधल्या फटीत दोन पाचरी मारल्या, फळ्या घासू नयेत म्हणून सांध्यांत संगजिऱ्याची गुळगुळीत पूड भरली. आनंदराव वर धपाधप नाचून आले. माडी गप्प.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाई आली. दुपारी ती भांडी घासत असताना आनंदराव हळूच वर गेले, पोत्यावर टेकले आणि ढेपेचा मोठा खडा तोंडात टाकला. आता जी माडी त्यांचं जाणं सांगत नव्हती, ती बायकोचं येणं तरी कशी सांगणार?

"गोड हाय का?" मागून सगुणाबाईनं विचारलं.

"व्हय," आनंदराव म्हणाले, आणि मग दचकले.

चार दिवसांनी गेनबाला पुन्हा बोलावणं आलं. "तात्या, जमीन व्हती तशी करून द्या," सगुणाबाई म्हणाली. आपण चुकीचं ऐकलं असं वाटून गेनबानं तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

"तीस वर्सं म्या आवाज बंद करतोय, बाई. चालू कसा करायचा, ते मला कुणी शिकिवलं न्हाई."

"मग आज शिका. पुरण शिजत घातलंय."

पुरणाचं मात्र त्याला पहिल्याच खेपेला ऐकू आलं. त्यानं एक पाचर ढिली केली. काही होईना. दुसरी उपटली, तर फळी म्हाताऱ्या बदकासारखी ओरडली. सगुणाबाईला ते पसंत पडेना, तिला जुनाच आवाज हवा होता. ती ओट्यावर बसून "जाड झाला", "आता बारीक झाला" असं ओरडून सांगत राहिली. वर चालायला आनंदरावच लागले, कारण वजन त्यांचंच पाहिजे होतं. ते मुकाट्यानं चालले. दिवस कलता कलता फळी पहिल्यासारखी करकरली, तसं सगुणाबाईनं पान वाढलं.

गेनबा घरी पोचला तो गुमसुम. बायकोनं, ठकुबाईनं, कानाशी तोंड नेऊन विचारलं, "काय करून आलासा?"

"चांगलं केलेलं काम बिघडवून आलो."

"आन् त्यांनी काय केलं?"

"पुरणपोळी वाढली. वर तूप."

ठकुबाईनं थोडा विचार केला. मग म्हणाली, "उद्या आपल्या दाराचं बी कायतरी बिघडवा, म्हंजी म्या बी पुरण घालते."

हे मात्र त्याला ऐकू गेलं नाही.