पापुद्र्यातलं तूप

रिपोर्ट मोबाईलवर आला तेव्हा मी शेपू निवडत होते. आमच्या ह्यांच्या रक्ताचा रिपोर्ट. दोन-तीन आकडे ठळक काळे, बाकीचे साधे. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण ठळक अक्षरात कुणी चांगली बातमी देत नाही एवढी अक्कल आहे मला.

घाबरायला कारण होतं. माझे थोरले दीर कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात होते. एका सकाळी अंघोळीचं पाणी काढता काढता खाली बसले ते उठलेच नाहीत. त्यांचं तेव्हाचं वय आज ह्यांचं आहे. ह्यांनी नुसता छातीवरून हात फिरवला तरी मी भिते, आणि भ्याले की भांडते. माझा स्वभावच तसला, त्याला इलाज नाही.

सात रस्ता चौकाजवळच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. नुसता कोलेस्टेरॉलचा एकूण आकडा बघून काही कळत नाही म्हणाल्या. एलडीएल रक्तवाहिन्यांत थर धरतं, ते कमी हवं, ह्यांचं जास्त. एचडीएल जादाचं परत उचलून नेतं, ते बरं असावं; ह्यांचं कमी. ट्रायग्लिसराइड गोडधोड खाण्यानं आणि बसून राहण्यानं वाढतं, आणि हे तर दिवसभर कापडाच्या दुकानात गादीवर बसलेले. "तेलकट बंद करा. डाळी, पालेभाजी, जवस वाढवा, रोज चाला. तीन महिन्यांनी परत तपासू, मग गोळीचं बघू."

मी घरी आले ती कंबर कसूनच. भजी बंद, तर्री बंद, चहाबरोबरची खारी बंद. फोडणीला चमचाभर तेल, तेही माझ्या हातानं. हे ताटाकडं बघून म्हणायचे, "दवाखान्यात भरती न होताच दवाखान्याचं जेवण मिळायला लागलं की." मी म्हणायचे, खायचं तर खा, नाहीतर पाणी पिऊन झोपा.

भाकरी मात्र सासूबाईंची. त्यांना मी आत्या म्हणते. मी शाळेत शिकवते, घरी यायला संध्याकाळ होते, आणि चुलीसमोरची जागा सुटली तरी गॅससमोरची त्यांनी सोडलेली नाही. लेकाला गरम भाकरी आपल्याच हातची पाहिजे, हा त्यांचा हट्ट. भाकरीत तेल नसतं, म्हणून मी तिकडं कधी बघितलंच नाही.

तीन महिन्यांनी दुसरा रिपोर्ट आला. ट्रायग्लिसराइड उतरलेलं, पण एलडीएल आधीपेक्षा वर.

माझं तोंड सुटलं. "बाहेर खाताय तुम्ही. दुकानाच्या खाली भज्याचा गाडा लागतो, मला काय माहीत नाही होय?" हे शांतपणे म्हणाले, "आईची शपथ, भज्याला हात लावला नाही." हे आईची शपथ खोटी घेणार नाहीत. तेच जास्त भयंकर वाटलं. सगळं पाळूनही वाढत असेल, तर मग माझ्या हातात राहिलं काय? डॉक्टरीणबाईंनी रात्रीच्या जेवणानंतरची एक गोळी सुरू केली आणि खाण्यात काय चुकतंय ते घरी जाऊन शोधा म्हणाल्या.

शनिवारी शाळा लवकर सुटली. मी आले तेव्हा आत्या भाकऱ्या करत होत्या. टम्म फुगलेली भाकरी त्यांनी तव्यावरून उतरवली, कडेला बोटानं पापुद्रा उचलला आणि आत चांगलं पळीभर तूप सोडलं. पापुद्रा परत दाबून टाकला. वरून बघितलं तर कोरडी ठणठणीत भाकरी.

"आत्या, हे कधीपासून?"

"थोरला गेल्यापासनं," त्या म्हणाल्या. लपवायचं काही आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतंच. "तू तेल बंद केलंस, मग म्या जरा वाढवलं. डाक्टरनं तेल नगं म्हणलंय. तूप कुटं तेल हाय?"

मागून हे आले. मी नुसतं बघितलं. "घरचं तूप गं," हे म्हणाले. "आणि आई घालते. तिला काय म्हणू मी?"

डोकं असं तापलं होतं की विचारू नका. तूप घरचं असो की बाजारचं, एलडीएलला काही फरक पडत नाही, हे मी त्यांना सांगायला लागले. आत्यांनी मला मधेच थांबवलं.

"थोरल्याला बी डाक्टरनं तूप सोडाय लावलं हुतं. सोडलं त्यानं. कोरडी भाकरी खायाचा. तीन महिनं बी काढलं न्हाईत. आतनं वाळून गेला माझा ल्योक." त्यांचं बोट अजून पापुद्र्याखाली होतं. "ह्येला न्हाय वाळू द्यायची मी."

म्हणजे इतके दिवस या घरात एकाच माणसासाठी दोन बायका भीत होतो, आणि दोघी उलट्या बाजूंनी ओढत होतो.

एक गोष्ट मला माहीत होती, आत्यांना नव्हती. दिराचं दिवसपाणी झाल्यावर जाऊबाईंनी कपाट आवरलं, तर गोळ्यांची पाकिटं तशीच सापडली, न फोडलेली. तूप सोडलंय ना, मग गोळ्या कशाला, असं दिरांनी मनाशी ठरवलं होतं. जाऊबाईंनी मला सांगितलं आणि हात धरून म्हणाल्या, आईंना नको सांगू. मी कधीच सांगणार नव्हते. मेलेल्या लेकाचा दोष आईच्या पदरात कोण टाकेल? पण त्या दिवशी समोर जिवंत लेक उभा होता.

मी गॅस बंद केला, त्यांना खाली बसवलं आणि सांगितलं.

त्या रडल्या नाहीत. परातीतल्या पिठावर बोटं फिरवत राहिल्या. मग विचारलं, "येक बी न्हाय खाल्ली?"

"एकही नाही, आत्या."

उठल्या, तुपाचा डबा माझ्या हातात दिला आणि देवघरात जाऊन बसल्या. उरलेल्या भाकऱ्या मी केल्या. एकही फुगली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या परत गॅससमोर होत्या. भाकरी फुगली, सवयीनं पापुद्रा उचलला आणि हात तसाच राहिला. "आता हितं काय घालू गं?" जवसाची चटणी होती, ती मी पुढं केली. त्यांनी ती आत भुरभुरवली, पण त्यात त्यांचं मन नव्हतं.

हे जेवून उठायला लागले तशा आत्या पदर सावरत आल्या. ह्यांचा खांदा दाबून खाली बसवलं. मुठीत धरलेली गोळी ताटाच्या कडेला ठेवली, बरोबर तिथं, जिथं त्या तुपाची भाकरी ठेवायच्या. हे गोळी घेऊन पाणी प्यायले. तरी आत्या हलल्या नाहीत.

"आ कर," त्या म्हणाल्या. "जीब वर कर. बगू दे मला."

आणि पन्नाशीला आलेल्या माझ्या नवऱ्यानं आईसमोर तोंड उघडलं.