शेवटी साइड असलेले शब्द

मी तिसरी शिकलो, तीही पुरती नाही. मला त्याची लाज नाही. पवनारच्या शिवारात अर्ध्या एकर भाजीपाल्यावर मी घर उभं केलं, आणि वांग्यानं कधी माझा दाखला मागितला नाही.

आमच्याकडे फवाऱ्याच्या प्रत्येक बाटलीला औषधच म्हणतात. किडीचं असो, बुरशीचं असो की तणाचं, सारं औषध. या एका शब्दानं मला गोत्यात आणलं. दोन वर्षांमागे वांग्यावर तुडतुडे आले. मुलगा देवळीला गेलता. कोठ्यात अर्धी बाटली दिसली. औषधच आहे म्हणून पंपात ओतली आणि सगळ्या ओळी झोडपून काढल्या. पाचव्या दिवशी वांगी उभ्याउभ्या वाळली. बाटली तणाची होती.

मुलगा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, आता तुमी पंपाले हात नोका लावू. बाटलीवर काय लिवलं ते तुमाले समजत नाई."

ज्या वावरात मी उभी हयात फवारलं, तिथं बांधावर बसून दुसऱ्याचा फवारा पाहायचा. एक हंगाम पाहिला. मग म्हटलं, झालं एवढं पुरे.

सुनेनं लग्नाआधी सरकारी परीक्षा दिल्या होत्या. तिची इंग्रजी शब्दांची वही अजून घरात आहे. कोठ्यातल्या तिन्ही बाटल्या मी तिच्यापुढं मांडल्या आणि वाच म्हटलं. मेथी निवडता निवडता ती म्हणाली, तिघींचं शेपूट एकच आहे. वहीतलं एक पान उघडून तिनं दाखवलं, एकाच शेपटाचे शब्द एकाखाली एक लिहिलेले. साइड म्हणजे मारणारं. कोणाला मारायचं ते पुढचं डोकं सांगतं. इन्सेक्टिसाइड किड्याला, फंगिसाइड बुरशीला, हर्बिसाइड गवतझाडाला, म्हणजे माझ्या वांग्यांना. खाली होमिसाइड असा एक शब्द होता. हे कोणाला मारतं, मी विचारलं.

"माणसाले, मामाजी," ती म्हणाली. "ते कृषी केंद्रात नाई भेटत."

शेपटाची चार अक्षरं मी सोडून दिली. तीन डोकी तेवढी पाठ केली, बाजारातल्या दलालांची तोंडं ओळखावी तशी. कागदावर गिरवली नाहीत. रोज सकाळी बाटल्या पाहिल्या, बस.

यंदा भेंडीच्या पानांवर पांढरी भुरी चढली. मुलानं वर्ध्याहून बाटली आणली. मी हातात घेतली आणि म्हटलं, हे डोकं किड्याचं आहे, भुरी तर बुरशी आहे. दुकानदारानं दिली म्हणजे बरोबरच असेल, असं तो म्हणाला. मी वाद घातला नाही. बाटली पिशवीत टाकली आणि बस धरली.

दुकानदार पोरसवदा. हेच सगळे नेतात, म्हणाला. मी बाटली काउंटरवर ठेवली, नावाची बाजू त्याच्याकडं करून.

"काका, तुमी कितवी शिकले?" त्यानं हसत विचारलं.

"तिसरी. अन् तू डिगरीवाला ना? मंग किड्याचं बुरशीले काऊन देऊन राह्यला?"

गिऱ्हाइकं उभी होती. त्यानं बाटली उचलली, नाव वाचलं, पुन्हा एकदा वाचलं. मग मागच्या फळीवरून दुसरी काढून दिली. मी तिथंच उभा राहून डोकं तपासलं, तेव्हाच पिशवीत टाकली. माफी त्यानं मागितली नाही, मलाही नको होती.

घरी आल्यावर ती बाटली मी मुलासमोर ठेवली. त्यानं ती फिरवून फिरवून पाहिली, सुनेकडं पाहिलं. सून मान खाली घालून भाकर थापत होती. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत मी बांधावर गेलो तर त्यानं ड्रममध्ये पाणी भरून ठेवलेलं. पंपाचा पट्टा मी खांद्यावर घेतला. तो आडवा आला नाही.

"बाबा," त्यानं विचारलं, "किती पंप लागतीन?"

"सात," मी म्हणालो. "तू पाणी आणत राह्यजो."