रेषेबाहेरचा कोच

राहुरीत आमच्या घरासमोर मोठं मैदान आहे. पलीकडच्या डेअरीवर दूध आणायला आम्ही सगळे ते तिरकं तुडवत जातो. एक म्हातारे गृहस्थ मात्र किटली घेऊन रोज कडेकडेनं पूर्ण वळसा घालायचे. मधेच थांबून रिकाम्या मैदानाकडे हात करायचे, कुणाला मागं बोलावल्यासारखा. मला त्यांचा उगाच राग यायचा.

एकदा त्यांच्याबरोबर चालत गेलो. ते पूर्वी याच मैदानावर एका साखर कारखान्याच्या फुटबॉल संघात बचावाला खेळायचे. गुडघा गेला, तेव्हा त्याच संघाचे कोच झाले. संघ जिल्ह्याबाहेर कधी जिंकला नाही आणि शेवटी बंदच पडला.

"काका, आता मधून जायला काय हरकत आहे? फक्कीची रेषासुद्धा राहिली नाही."

"कोचनं खेळ चालू असताना आत जायचं नसतं, भाऊ."

थोडं चालल्यावर स्वतःच म्हणाले, "एकदा गेल्तो. पार मधोमध. लई येळ हुबा हुतो."

"मग?"

त्यांनी किटली या हातातून त्या हातात घेतली.

"कुनी पासच दिला न्हाई."