साडभाऊंच्या मशीनचा पहारा

व्हायरसला घाबरणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण खुद्द व्हायरसनेच ज्यांच्या दारात पाय ठेवताना दहादा विचार करावा असे गृहस्थ मी एकच पाहिले, ते म्हणजे आमचे साडभाऊ. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. राहायला कळंबला. उभा जन्म कचेरीत कारकुनी केली आणि निवृत्त झाल्यावर, इतर लोक चिंतामणीच्या देवळात जाऊन बसतात तसे हे कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले. त्याला ते कॉम्प्युटर म्हणत नाहीत, मशीन म्हणतात. पुण्याच्या जावयाने नवं घेतलं तेव्हा अडगळीत टाकलेलं हे मशीन यांनी एसटीतून, मांडीवर घेऊन, कळंबला आणलं. चालू केल्यावर त्याला जाग येईपर्यंत आमच्या ताईंचा चहा होऊन कपबशा विसळूनही व्हायच्या.

या मशीनवर साडभाऊ लग्नं जमवत. तीही फुकट. कापसाचे ते दिवस फार वाईट होते. कधी पाऊस दगा द्यायचा, कधी भाव, आणि त्या वर्षी तर बोंडं फोडावीत तर आत गुलाबी अळी. शेतकऱ्याच्या पोराला पोरगी द्यायला शेतकरीसुद्धा तयार नव्हता. "नोकरी आहे का?" हा पहिला प्रश्न, आणि दुसरा प्रश्न कोणी विचारतच नसे. अशी खोळंबलेली सगळी पोरं साडभाऊंच्या मशीनमध्ये नांदत होती. प्रत्येकाचं एक पान, त्यावर फोटो, शिक्षण, शेती आणि मामाचं गाव. अक्षता पडल्या की साडभाऊ ते पान स्वतःच्या हाताने काढून टाकत आणि घरात पेढा वाटत. "हे मशीन गेलं तं माह्या पोट्ट्यायचे लग्नं गेले समजा," असं ते म्हणत, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती. पोरं लाजत लाजत येऊन माहिती देऊन गेलेली. पुन्हा मागायला गेलं तर आई-बाप म्हणणार, राहू द्या आता, कायले जखमेवर मीठ चोळता.

आणि नेमकं तेव्हाच पेपरात आलं की इंटरनेटवरून नव्या तऱ्हेचे चोर येताहेत. हे चोर काही नेत नाहीत, तुमच्याच फायलींना तुमच्याच घरात कुलूप ठोकतात आणि किल्लीचे पैसे मागतात. झालं! साडभाऊंची झोप उडाली. जावयाने पुण्याहून येऊन ॲन्टिव्हायरस घालून दिला, तर मशीन चिखलात बसलेल्या म्हशीसारखं जागचं हलेना. साडभाऊंनी तो काढून टाकला. म्हणाले, "पहारेकरीच सारा सैपाक खाऊन राह्यला, घरच्यायनं काय उपाशी राहाव काय?" त्या दिवसापासून पहाऱ्याला ते स्वतः बसले.

त्यांचा पहारा म्हणजे काय विचारू नका. मशीनमध्ये शिरायची दोन दारं त्यांनी केली होती, एकाचं नाव 'मालक' आणि दुसऱ्याचं 'गडी'. मालकाला सगळं करायची मुभा, गड्याला फक्त रोजचं काम. साडभाऊ कायम गडी म्हणून बसत. "गड्याच्या खिशात तिजोरीची किल्ली नसते. चोर आला तरी त्याले भेटन काय?" हा त्यांचा युक्तिवाद. इंटरनेटची वायर काम झालं की उपसून खुंटीवर, शर्टाशेजारी. एकदा वणीला एका लग्नात जेवता जेवता ते ताडकन उभे राहिले आणि बायकांच्या पंगतीकडे ओरडले, "अवो, वायर काढली होती नं?" मांडवातल्या लोकांना वाटलं शॉर्टसर्किट झालं. दोघं-तिघं तर पानावरून उठून पळाले. कोणतीही फाईल उघडण्याआधी ते तिच्या नावाचा शेवट बघत. याला ते शेपूट पाहणं म्हणत. "तोंड फोटोचं अन् शेपूट भलत्याचंच. असं जनावर दावणीले बांधाचं नाही."

पण खरा कहर ओसरीवर होता. तिथे त्यांनी दुसरं, पहिल्याहून म्हातारं एक मशीन मांडलं होतं. त्यात कुणाचंच काही नव्हतं. बाहेरचा पेनड्राइव्ह आला की आधी त्याची ओसरीवर झडती, मग आत प्रवेश. मी एकदा पुतण्याच्या मुंजीचे फोटो दाखवायला घेऊन गेलो, तर मलाही ओसरीवरच बसवलं. मी चिडलो. म्हटलं, अहो, मी काय परका आहे? तर म्हणतात, "तुम्ही आपलेच आहा भाऊ. पण तुमचा पेनड्राइव्ह कोनाकोनाच्या घरी मुक्काम करून आला, हे तुमाले तरी मालूम आहे काय?" मी कपाळाला हात लावला आणि पेनड्राइव्ह झडतीला दिला.

शिवाय सगळ्या पानांची एक नक्कल यवतमाळला आमच्या घरी असे. एक नक्कल कळंबला, एक आमच्याकडे. गुढीपाडव्याला आणि पोळ्याला साडभाऊ स्वतः यायचे, नक्कल भरलेली नवी डबी, म्हणजे हार्ड डिस्क, ठेवायचे, जुनी घेऊन जायचे. ती गव्हाच्या कोठीत ठेवायची असा त्यांचा हुकूम होता. गहू काढताना आमची ही दर वेळी करवादायची, "आधी तुमच्या साडभाऊंची पोरं बाजूला करा बाई!"

त्या पोरांमध्ये घाटंजीकडचा एक प्रमोद होता. बी.ए. झालेला, घरचा कापूस, बोलायला गोड. मशीनमध्ये सगळ्यात जुना तोच. किती ठिकाणी दाखवला, पण गाडी नोकरीपाशी अडायची. त्याचा फोटो साडभाऊंनी स्वतः अंगणात काढला होता. "हास, पण बत्तीशी नको दाखवू, पोरीचा बाप भिते," असं म्हणून. त्यामुळे फोटोत तो हसू दाबून उभा आहे. कळंबला बाजाराला आला की ताईंच्या हातची भाकर खाऊन जायचा आणि जाताना विचारायचा, "काका, मशीन काय म्हणते?"

पोळा झाला. साडभाऊ आमच्याकडे येऊन डबी बदलून गेले. त्यानंतर फवारणीच्या दिवसांत प्रमोदच्या अंगात औषध गेलं. त्या वर्षी आमच्या भागात ते बऱ्याच जणांचं झालं. दवाखान्यात होता, डोळ्यांना दिसेना म्हणत होता, आणि गेला. साडभाऊ मातीला जाऊन आले, आंघोळ केली आणि मशीनपुढे बसून त्याचं पान काढून टाकलं. ताई सांगत होत्या, त्या दिवशी ते जेवले नाहीत. अक्षता न पडता मशीनमधून गेलेला तो पहिलाच.

मग तुळशीची लग्नं लागली आणि सराई तोंडावर आली. एके सकाळी वणीहून एक गृहस्थ आले, मुलीची माहिती घेऊन. चक्क मुलीचे वडील! आणि म्हणतात, शेतकरी चालेल, मुलगा निर्व्यसनी पाहिजे. साडभाऊंना काय करू नि काय नको असं झालं. मुलाकडच्यांना ओसरीवर बसवणं वेगळं, पण त्या दिवसांत मुलीच्या बापाला ओसरीवर बसवायचं? त्यांना थेट आत नेलं, खुर्ची दिली, ताईंनी चांगल्या कपबशा काढल्या. पाहुण्यांचा पेनड्राइव्ह कसा काय तपासायचा, तो अपमान नाही का होणार! तो सरळ मशीनला लावला. त्यातच साडभाऊ नवा प्रिंटर जोडायचा म्हणून त्या दिवशी मालक होऊन बसलेले, आणि घरची नक्कलही मशीनलाच जोडलेली. शेपूट पाहायचंही राहून गेलं.

चहा संपेपर्यंत एकेक पान उघडायचं बंद झालं आणि पडद्यावर इंग्रजीत खंडणीची चिठ्ठी आली. साडभाऊंनी सगळ्या वायरी उपसल्या, पण उशीर झाला होता. घरची नक्कलही गेली. पाहुण्यांना मात्र त्यांनी कळू दिलं नाही. "मशीन म्हातारं आहे हो, झोपलं," म्हणून बोळवण केली. मग मला फोन आला. आवाज इतका बारीक की मी ओळखलाच नाही. "भाऊ, कोठीतली डबी जागेवर आहे नं?"

होती. मी पहिल्या एसटीने घेऊन गेलो. तिथल्याच एका कॉम्प्युटरच्या दुकानदाराने मशीन धुऊनपुसून नव्यासारखं करून दिलं होतं. त्याने आमची डबी त्याला जोडली आणि पोरं एकेक करून परत यायला लागली. साडभाऊ लहान मुलासारखे टाळ्या पिटत होते, प्रत्येकाला नावाने हाक मारत होते. "हा पाहा, आला! हा पाहा!" आणि मधेच त्यांचा हात थांबला. डबी पोळ्याची होती. पडद्यावर प्रमोद हसू दाबून उभा होता.

मला रडू येत होतं आणि ते लपवायला मी उगाच चष्मा पुसत बसलो. शेवटी मीच म्हटलं, साडभाऊ, तुम्ही उठा, मी काढतो त्याला. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "एक डाव काढला माह्या हातानं. आता नाही होत राजेहो. राहू द्या त्याले पोट्ट्यायमंदी."

पुढच्या आठवड्यात वणीचे गृहस्थ पुन्हा आले. पेनड्राइव्ह घेऊन ते या वेळी ओसरीवर बसले, ताईंनी चहा तिथेच दिला, आणि त्यांना काही अपमान वगैरे वाटला नाही. झडती झाल्यावर ते आत आले आणि एकेक पान पाहत गेले. मीही तिथेच होतो. एका पानावर ते थांबले, चष्मा वर करून जवळ गेले.

"हा पोरगा चांगला वाटते हो. तोंडावर कसा समजदारपणा आहे. हा कोन्या गावचा?"

आत ताईंच्या हातातलं भांडं वाजलं.

"त्याचं जमलं," साडभाऊ म्हणाले. "तुम्ही पुढचा पाहा."